ईमेलने पाठवला तरी फॅक्स जातो फोनवरूनच

‘फॅक्स ईमेलने पाठवला’ म्हटलं की बहुतेकांना वाटतं, आपली पीडीएफ समोरच्याच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडली. तसं होत नाही. ईमेल जाते ती फक्त सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत. तो सर्व्हर तुमचं पान काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत बदलतो, समोरच्या फॅक्सचा नंबर खरोखर फिरवतो आणि ते ठिपके आवाजाच्या रूपात ऐकवतो. हा एक फोन कॉल असतो, आणि फॅक्स बिघडण्याची बहुतेक कारणं या कॉलमध्येच सापडतात.

आता फॅक्स कोणाला लागतो? म्हापशात बसून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांचं काम करणाऱ्याला तिथल्या कर खात्याचा ईआयएन क्रमांक (धंद्याचा ओळख क्रमांक) हवा असेल, तर त्याच्या अर्जाचा एसएस-४ हा फॉर्म फॅक्सने पाठवता येतो आणि उत्तरही फॅक्सनेच मागवता येतं. अमेरिकेतल्या दवाखान्यांत आणि औषधांच्या दुकानांतही फॅक्स अजून रोजचा आहे. त्यासाठी यंत्र विकत घ्यायची गरज नाही.

कॉल लागला की पाठवणारी बाजू ११०० हर्ट्झची शिट्टी वाजवते: अर्धा सेकंद आवाज, तीन सेकंद शांतता. समोरचं यंत्र २१०० हर्ट्झच्या लांब सुराने ओ देतं. मग सेकंदाला ३०० बिट अशा संथ गतीने दोघं ठरवतात की वेग किती, प्रत साधी की बारीक. त्यानंतर दीड सेकंद नुसती शून्यं पाठवून लाइन तपासली जाते. ती शून्यं धड पोचली नाहीत तर वेग १४,४०० बिटवरून १२,०००, ९,६००, असा पायरी-पायरीने उतरतो. पावसाळ्यात तांब्याच्या तारेच्या जोडात ओल शिरली की लाइन खरखरते आणि एरवी मिनिटात जाणारं पान रेंगाळतं, ते यामुळे.

या सगळ्यात सर्वांत देखणी युक्ती आहे ती पान आटवण्याची. १९८० साली ठरलेल्या ग्रुप ३ मानकात एका आडव्या रेषेत १,७२८ ठिपके असतात, आणि साध्या प्रतीत उंचीच्या दर मिलिमीटरला ३.८५ रेषा. म्हणजे ए-४ पानावर सुमारे १,१४३ रेषा आणि पावणेवीस लाख ठिपके. ठिपक्याला एक बिट धरला तर ९,६०० च्या वेगाने पानाला जवळजवळ साडेतीन मिनिटं लागतील. पण छापील पान बहुतेक कोरंच असतं. म्हणून ठिपके एकेक न पाठवता ‘इतके पांढरे सलग, मग इतके काळे सलग’ एवढंच सांगायचं. नेहमी येणाऱ्या लांबीला छोटा कोड, क्वचित येणाऱ्या लांबीला मोठा. सलग दोन काळ्यांसाठी ‘११’, तिनांसाठी ‘१०’, कारण अक्षराचा दांडा साधारण तेवढाच जाड असतो. अख्खी कोरी रेषा? १,७२८ पांढऱ्यांसाठी ०१००११०११ आणि ‘पुढे उरलेले शून्य’ सांगणारा ००११०१०१. झाले सतरा बिट! रेषा संपली हे कळवायला अकरा शून्यं आणि एक ‘१’. इतकी शून्यं सलग दुसऱ्या कुठल्याच कोडमध्ये येत नाहीत, त्यामुळे मध्ये काही बिट हरवले तरी यंत्र पुढच्या रेषेपासून सावरतं.

हीच युक्ती उलटते कुठे, ते पाहा. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा कागद) मोबाइलवर फोटो काढून जोडला, तर कागदाची पार्श्वभूमी पांढरी न राहता करडी येते. फॅक्सला करडा रंग ठाऊक नाही. काही सर्व्हर तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या बुंदीने दाखवतात. एकट्या पांढऱ्या ठिपक्याचा कोड सहा बिटांचा (०००१११), एकट्या काळ्याचा तीन बिटांचा (०१०). दोन ठिपक्यांना नऊ बिट! अख्खी रेषा अशी आलटून-पालटून असेल तर १,७२८ ऐवजी ७,७७६ बिट लागतात, म्हणजे आटवायला गेलो आणि साडेचार पट फुगलं. अख्खं पान तसं असेल तर ९,६०० च्या वेगाने पंधरा मिनिटं. तेवढ्यात कॉल तुटतो आणि ‘फॅक्स गेला नाही’ अशी ईमेल येते. म्हणून स्कॅन करताना ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडावं, ‘ग्रेस्केल’ नव्हे.

मराठी कागदाची आणखी एक अडचण आहे. १० पॉइंटच्या ओळीला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे साध्या प्रतीत वेलांटी-उकारांसकट जेमतेम तेरा रेषा मिळतात. त्यात अनुस्वाराच्या वाट्याला एखाद-दुसरी. १४ पॉइंट वापरा आणि सेटिंगमध्ये ‘फाइन’ निवडा. रेषा दुप्पट होतात. वर्डची फाइल तशीच जोडू नका. सर्व्हरकडे तुमचा फॉन्ट नसला तर जोडाक्षरं फुटतात किंवा चौकोन उमटतात. आधी पीडीएफ करा, पासवर्ड न लावता.

पत्ता लिहायची रीत साधी: नंबर, मग @, मग सेवेचं डोमेन. बहुतेक ठिकाणी देशाचा कोड लागतो आणि एसटीडीचं शून्य गळतं, म्हणजे पणजीच्या ०८३२ चं ९१८३२ होतं. ईमेल नोंदवलेल्या पत्त्यावरूनच पाठवा. सहीखालचा लोगो काढा, नाहीतर त्याचं वेगळं पान होऊन त्याचेही पैसे कापले जातात.

घरच्या फायबरच्या डब्याला जुनं यंत्र जोडणाऱ्यांची तक्रार वेगळी असते. तिथे आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतात. एखादा हरवला तर कानाला कळतही नाही, पण ९,६०० च्या वेगाने त्यात १९२ बिट जातात. इंटरनेटवरून फॅक्स नेण्याच्या टी.३८ पद्धतीत गेटवे, म्हणजे फोन आणि इंटरनेट यांना जोडणारं यंत्र, आवाजातून बिट काढून घेतो, मागच्या तुकड्यातला मजकूर पुढच्यात पुन्हा भरतो आणि पलीकडे नव्याने आवाज करतो. सेवा निवडताना टी.३८ आहे का, हे विचाराच.

‘लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन’ या जाहिरातीला भुलू नका. कुलूप सर्व्हरपर्यंतच असतं; पुढच्या साध्या फॅक्स कॉलला ते नसतं. अहवालातला ‘ओके’ही समोरच्या यंत्राने पान घेतल्याची पोच आहे, माणसाने वाचल्याची नव्हे.

फॅक्स मागवायचा असेल तर नंबर भाड्याने घ्यावा लागतो. आलेला कॉल सर्व्हरच उचलतो, २१०० हर्ट्झचा सूर देतो आणि पानं पीडीएफ करून तुमच्या ईमेलवर टाकतो. ०८३२ चा नंबर मिळतो का, हे पैसे भरण्याआधी पाहा. ईआयएनसाठी अमेरिकेचा चालतो. मात्र उत्तर हाती येईपर्यंत वर्गणी बंद करू नका. सोडलेला नंबर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमचा कागद त्याच्या इनबॉक्समध्ये उतरतो.