महागाई भत्ता आणि पगारवाढ : एका जुन्या गल्लतीची पार्श्वभूमी

महागाई भत्त्यालाच पगारवाढ म्हणण्याची गल्लत जुनी आहे. नागपुरातील मजुरीच्या वादाचा माग काढत गेले की एम्प्रेस मिलपाशी येऊन थांबावे लागते. जमशेटजी टाटांची ही कापड गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षी तेथील कामगारांनी मजुरीच्या दरावरून काम बंद केले. देशात नोंद झालेल्या अगदी सुरुवातीच्या संपांमध्ये त्याची गणना होते. तेव्हा वाद केवळ दराचा होता. धान्य महागले म्हणून मजुरीही आपोआप वाढावी, ही कल्पना महायुद्धांच्या काळातील भाववाढीने रुजवली आणि गिरण्यांमधून महागाई भत्ता सर्वत्र पसरला.

किमान वेतनाचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये मांडले. कायदा झाला १९४८ मध्ये. मात्र ‘किमान’ म्हणजे किती, याचे उत्तर त्यात नव्हते. ते १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने (सरकार, मालक आणि कामगार यांच्या संयुक्त बैठकीने) दिले: कमावत्या माणसामागे तीन उपभोग-एकके (एका प्रौढाच्या गरजेएवढे एक एकक), प्रत्येकी २,७०० कॅलरींचा आहार, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि शिवाय इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण किमान वेतनाच्या २० टक्के. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. शिक्षणाचा खर्च हिशेबात यायला इतकी वर्षे लागावीत, ही गोष्ट मला आजही सलते.

भत्ता ठरतो तो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून, म्हणजे त्यांच्या रोजच्या गरजांचे भाव किती चढले हे दाखवणाऱ्या आकड्यावरून. त्यासाठी ज्या शहरांतील भाव टिपले जातात, त्यांत नागपूर जुने केंद्र आहे. महाराष्ट्रात किमान वेतनावरील विशेष भत्ता, म्हणजे महागाई भत्ताच, याच आधारे दर सहा महिन्यांनी बदलतो. समजा, वर्षभरात निर्देशांक १४० वरून १४७ वर गेला, तर भाव पाच टक्क्यांनी चढले. ज्याला चार टक्के ‘वाढ’ मिळाली, त्याचा खरा पगार घटला. भत्ता झालेली झीज भरून काढतो, आणि अनुभवाचे, कौशल्याचे मोल त्यानंतरच्या वाढीतून द्यायचे असते. नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांत किंवा शहरातील कार्यालयांत कंत्राटी माणसाच्या हाती अनेकदा फक्त भत्त्याची रक्कम पडते आणि तिलाच पगारवाढ म्हटले जाते.