खुलासा: ‘वर तडा नाही, म्हणजे कार्बन फायबर धड’ हा गैरसमज

कोल्हापूरच्या फाउंड्रीत बिडाचं कास्टिंग ठोकून आवाजावरून पारखतात. तोच न्याय कार्बन फायबरला, म्हणजे रेझिनने चिकटवलेल्या कार्बन तंतूंच्या थरांना, लावला की फसगत होते. हातातला पाना निसटून पडला तर वर जेमतेम खळगा दिसतो. आत मात्र थर सुटलेले असतात, मागच्या बाजूकडे जास्तच पसरलेले. नाण्याने ठोकून वरवरचं सुटलेलं कळतं, खोलवरचं निसटतं. सरळ वरून काढलेल्या एक्स-रेतही थरांमधली चपटी फट सहसा उमटत नाही.

अल्ट्रासॉनिक तपासणीच (कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींची) लावा: लहरी सोडून प्रतिध्वनी टिपणारा 5 मेगाहर्ट्झचा प्रोब, लहरी आत शिराव्यात म्हणून जेल आणि तुलनेला त्याच जाडीचा, त्याच थररचनेचा धड तुकडा. मागच्या पृष्ठभागाचा प्रतिध्वनी क्षीण झाला आणि त्याच्या आधी नवा उठला, तर तिथे थर सुटलेत. नुसताच क्षीण झाला, तर आधी जेल पुन्हा लावून बघा.