डोक्याच्या इजांचा टक्का आणि डोक्याच्या इजांची संख्या

शहरातल्या सायकल स्थानकांवरून थोड्या वेळासाठी सायकल भाड्याने देणाऱ्या सार्वजनिक सायकल योजनेचा विषय निघाला की 'अशा योजनांमुळे सायकलस्वारांच्या डोक्याला होणाऱ्या इजा वाढतात, हे अमेरिकेत सिद्ध झाले आहे' असे कोणीतरी ठामपणे सांगतेच. हे विधान ज्या अभ्यासावरून आले, तो २०१४ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात असे काहीही सिद्ध झालेले नाही. वाढला तो टक्का, संख्या घटली. ही गल्लत वर्षानुवर्षे चालू आहे आणि तिच्या आधारे शहरांची धोरणे ठरवण्याचा आग्रह धरला जातो, म्हणून ती एकदा नीट सोडवायला हवी.

हेल्मेट डोके वाचवते, याबद्दल येथे वाद नाही. विविध देशांतील ४० अभ्यासांच्या २०१६ मधील एकत्रित आढाव्यानुसार, जखमी सायकलस्वारांपैकी ज्यांनी हेल्मेट घातले होते त्यांच्या डोक्याला इजा होण्याची शक्यता जवळपास निम्मी होती आणि गंभीर इजेची शक्यता त्याहूनही कमी होती. मात्र हा हिशेब 'जखमी झालेल्यांपैकी' असा आहे. मेख तिथेच आहे.

२०१४ च्या अभ्यासात मॉन्ट्रियल, वॉशिंग्टन, बॉस्टन, मिनियापोलिस आणि मायामी बीच या पाच शहरांतील ट्रॉमा सेंटरच्या, म्हणजे गंभीर जखमींवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांच्या, नोंदी तपासल्या होत्या: योजना सुरू होण्याआधीची दोन वर्षे आणि नंतरचे एक वर्ष. वर्षाच्या सरासरीने पाहिले तर योजनेपूर्वी जखमी सायकलस्वार ७५७ होते; त्यांपैकी ३१९ जणांच्या डोक्याला इजा झाली होती आणि ४३८ जणांना इतरत्र. योजनेनंतरच्या वर्षात जखमी ५४५ झाले. डोक्याला इजा झालेले २७३ आणि इतरत्र २७२. म्हणजे डोक्याच्या इजा ४६ ने, सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाल्या. इतर इजा मात्र १६६ ने, सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्या. दोन्हींत घट झाली, पण एकीत मोठी आणि दुसरीत लहान, त्यामुळे उरलेल्या जखमींमध्ये डोक्याच्या इजांचा वाटा सुमारे ४२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला. बातम्यांनी हा वाटा उचलला आणि मथळ्यात 'डोक्याच्या इजांत वाढ' असे छापले. घरभाडे कमी झाले की महिन्याच्या खर्चात किराण्याचा वाटा वाढतो, पण त्यावरून किराणा महागला असे कोणी म्हणत नाही. आरोग्याची बातमी लिहिणाऱ्याने एवढा हिशेब मथळा देण्याआधी करायलाच हवा.

सायकल योजनांचे काही समर्थक याच आकड्यांवरून 'योजनेमुळे इजा २८ टक्क्यांनी घटल्या' असे म्हणतात, आणि तेही मला मान्य नाही. जखमी माणूस योजनेच्या सायकलवर होता की स्वतःच्या, हे त्या नोंदींत नव्हतेच. त्या काळात त्या शहरांत नवे सायकल मार्गही होत होते. एका वर्षाच्या नोंदींवरून कार्यकारणभाव ठरत नाही, मग निष्कर्ष आपल्याला आवडणारा असो वा नसो.

टक्का वाढण्यामागे हेल्मेटचा काही संबंध असू शकतो, हे मात्र खरे. बॉस्टन आणि वॉशिंग्टनमध्ये केलेल्या, २०१२ मधील एका पाहणीत योजनेच्या सायकलवरील ८० टक्क्यांहून अधिक लोक हेल्मेटविना आढळले. स्वतःच्या सायकलवर हा आकडा निम्म्याच्या आसपास होता. अचानक सायकल घेणाऱ्याच्या हाती हेल्मेट नसते, हे उघड आहे. पण त्या सायकलींची घडणही पाहावी: सुमारे २० किलोंची जड चौकट, रुंद टायर, मोजके गिअर, ताठ बसवणारी बैठक आणि चाक फिरताच लागणारे दिवे. अशी सायकल भरधाव पळवताच येत नाही. न्यूयॉर्कमध्ये मे २०१३ मध्ये सुरू झालेल्या सिटी बाइक योजनेत पहिला मृत्यू झाला तो जून २०१७ मध्ये, म्हणजे कोट्यवधी फेऱ्यांनंतर.

टक्क्याकडे पाहून धोरण आखले की हेल्मेटसक्ती सुचते. मेलबर्नची योजना २०१० साली सक्तीच्या कायद्याखालीच सुरू झाली. दुकानांतून पाच डॉलरला हेल्मेट विकली, तरी वापर कमीच राहिला आणि २०१९ च्या नोव्हेंबरात ती बंद पडली. सक्ती हे एकमेव कारण नसेलही, पण मेक्सिको सिटीने त्याच २०१० साली आपली योजना आणताना हेल्मेटचा नियम काढून टाकला आणि ती योजना वाढत गेली. माझा कौल स्पष्ट आहे: हेल्मेटचा आग्रह धरावा, सक्ती करू नये, आणि सरकारने आपली ताकद सलग, अतिक्रमणमुक्त सायकल मार्गांवर लावावी, कारण संख्या तिथे घटते.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे हेल्मेट सक्तीचे करणारे कलम १२९ मोटारसायकल, स्कूटरसारख्या वाहनांना लागू आहे, पायडलच्या सायकलला नाही. पुण्यातील हेल्मेटसक्तीचा जुना वाद सायकल योजनेच्या चर्चेत आणण्याचे म्हणूनच कारण नाही. दुचाकीचे बंद हेल्मेट सायकलवर घालू नये. ते जड असते आणि पायडल मारताना त्यात डोके उकडून निघते. सायकलचे हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर, आडवे बसावे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एखाददुसरेच बोट मावावे. कपाळ उघडे टाकून मागे सरकवलेले हेल्मेट पाहिले की मला राहवत नाही. स्थानकावरच्या पेटीतील सामायिक हेल्मेटवर माझा विश्वास नाही. आतला थर्माकोलसारखा फोम एकाच आघातात दबून आपले काम संपवतो, वरचे कवच मात्र पुष्कळदा धडधाकट दिसते, आणि आधीच्या माणसाने ते आपटले होते का हे पुढच्याला कळत नाही. नेहमी योजनेची सायकल घेणाऱ्याने स्वतःच्या मापाचे हेल्मेट पाठपिशवीला अडकवून ठेवावे आणि एकदा मोठा मार बसला की ते बदलावे.