स्पेस इन्व्हेडर्स

स्पेस इन्व्हेडर्स : नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरचा, म्हणजे आर्केडवरचा, जपानी व्हिडिओ गेम. तोमोहिरो निशिकादो यांनी तो तयार केला आणि तैतो या जपानी कंपनीने १९७८ मध्ये बाजारात आणला. अमेरिकेत तो मिडवे कंपनीने वितरित केला. परग्रहावरची फौज वरून खाली उतरते आहे आणि जमिनीवर उरलेली एकटी तोफ तिला अडवते आहे, एवढेच त्याचे कथानक. पुढच्या दहा-बारा वर्षांत अवकाशयुद्धावर जे आर्केड गेम निघाले, त्यांनी गोष्ट सांगायची रीत बरीचशी इथून उचलली. या रीतीत निवेदक नसतो, संवाद नसतो, पात्रांना नावेही नसतात. गोष्ट कळते ती शत्रूच्या चालीतून आणि त्या चालीच्या लयीतून.

पडद्यावर ५५ आक्रमक असतात, ११-११ च्या पाच ओळींत. खालच्या दोन ओळींतले ऑक्टोपससारखे दिसतात, मधल्या दोन ओळींतले खेकड्यासारखे आणि सगळ्यांत वरचे माकुलासारखे (म्हणजे स्क्विडसारखे). त्यांचे गुण अनुक्रमे १०, २० आणि ३०. अख्खी फळी गारद केली की होतात ९९०. ही पलटण कवायतीच्या शिस्तीत आडवी सरकते, कडेला टेकली की एक पायरी खाली उतरते आणि उलट दिशेने निघते. खेळाडूची तोफ फक्त डावी-उजवीकडे हलते. तिची एकच गोळी एका वेळी हवेत असू शकते. ती कशावर तरी आदळेपर्यंत किंवा पडद्याच्या वरच्या टोकाला पोचेपर्यंत दुसरी सुटत नाही. म्हणून नेम चुकला की गुण तर जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे वेळ जातो. तोफेपुढे चार आडोसे असतात. शत्रूच्या माऱ्याने ते झिजतात आणि आपण त्यांच्यामागून गोळी झाडली तर आपल्याही हातून पोखरले जातात. अधूनमधून सगळ्यांत वरून एक उडती तबकडी भुर्रकन जाते. तिला टिपले तर ५० ते ३०० पर्यंत गुण मिळतात. खेळाडूला साधारणपणे तीन जीव असतात. मात्र एकही आक्रमक जमिनीला टेकला, तर शिल्लक जिवांचा काही उपयोग नाही. खेळ तिथेच संपतो.

या खेळातला थरार मुळात यंत्राच्या दुबळेपणातून आला आहे. आत इंटेल ८०८० हा सुमारे दोन मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जाई आणि दर वेळी एकच आक्रमक आपली जागा बदले. सगळे ५५ जण जिवंत असताना पलटणीचे एक पाऊल पुरे व्हायला जवळजवळ एक सेकंद लागे. दहा उरले की तेच पाऊल सेकंदाच्या सहाव्या हिश्शात पडे, आणि शेवटचा एकटा तर वेड लागल्यासारखा पळे. शत्रू कमी झाले की ते आपोआप वेगवान होतात हे निशिकादो यांच्या लक्षात आले. हा दोष म्हणून त्यांनी दुरुस्त केला नाही, तसाच ठेवला. सोबत चार खर्जातले सूर एकामागून एक वाजत राहतात आणि शत्रूची संख्या घटेल तशी त्यांची गती वाढत जाते. छातीचे ठोके वाढावेत तसे ते वाढतात, आणि खेळणाऱ्याचेही वाढतात. जिंकत चाललो आहोत तसतसे संकट गडद होते आहे, ही उलटी चढण एका शब्दाविना उभी राहते. नाटकाचा तिसरा अंक लिहिणाऱ्याला जे घाम गाळून साधावे लागते ते इथे एका चिपच्या धिमेपणाने साधले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

निशिकादो यांच्यापुढे अटारी या अमेरिकन कंपनीच्या ब्रेकआउट या १९७६ मधल्या गेमचा नमुना होता. त्यात चेंडूने विटांची भिंत फोडायची असते. विटांच्या जागी हलणारे आणि उलट मारा करणारे शत्रू आणायचे, ही त्यांची कल्पना. रणगाडे करून पाहिले, विमाने करून पाहिली. विमानांची हालचाल मनासारखी जमेना. माणसांच्या आकृत्या चांगल्या हलत होत्या, पण माणसांना गोळ्या घालायचा खेळ काढणे योग्य नाही, असे ठरले. त्याच सुमारास अमेरिकेत स्टार वॉर्स चित्रपटाने अवकाशाचे वेड लावले होते. तेव्हा शत्रू परग्रहावरचे झाले. त्यांचे रूप घेताना निशिकादो यांना एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराच्या मंगळवासीयांची, लहानपणी चित्रात पाहिलेल्या ऑक्टोपससारख्या आकृतींची आठवण झाली. गेमसाठी लागणारी यंत्रसामग्रीही त्यांनी स्वतःच जुळवली. परकीय शत्रू हा अवकाशयुद्धाच्या खेळांतला इतका पक्का संकेत आहे, की तो कल्पनाशक्तीतून आला असे वाटते. पण त्याच्या मुळाशी एक सोय आहे. ज्याला चेहरा नाही, घर नाही, मागे रडणारे कोणी नाही, त्याला हजारोंनी मारले तरी मनाला टोचत नाही.

नाणे पडण्याआधीही यंत्र रिकामे बसत नाही. गिऱ्हाइकाला ओढण्यासाठी पडद्यावर आपोआप दृश्ये चालू असतात, आणि खेळाची ‘प्रस्तावना’ म्हणावी असे जे काही आहे ते इथेच आहे. एका दृश्यात ‘प्ले’ हा इंग्रजी शब्द उमटतो, पण त्यातला शेवटचा वाय उलटा असतो. कडेने एक आक्रमक तुरुतुरु येतो, ते उलटे अक्षर ओढून नेतो आणि सुलटे अक्षर ढकलत आणून जागेवर बसवतो. दुसऱ्या एका दृश्यात ‘इन्सर्ट कॉइन’ मध्ये एक सी जास्त पडलेला असतो; आक्रमक तो गोळी घालून उडवतो. अख्ख्या खेळात शत्रूला स्वभाव मिळतो तो एवढाच. हे नीटनेटके, किंचित विनोदी प्राणी पुढच्या क्षणी आपल्यावर चाल करून येणार असतात.

बाकीची गोष्ट पेटीच्या अंगावर रंगवलेली असे. मूळ पडदा कृष्णधवल होता. त्यावर रंगीत जिलेटिनच्या पट्ट्या चिकटवून खालचा भाग हिरवा दाखवत. अमेरिकेतल्या उभ्या यंत्रात पडद्याची प्रतिमा काचेवरून परावर्तित होऊन मागच्या रंगवलेल्या चांद्रभूमीवर तरंगताना दिसे. जपानात मात्र कॉफीच्या दुकानांतल्या टेबलांतच पडदा बसवलेला असे; कप बाजूला सरकवून खेळायचे. पेटीच्या बाजूंवर काढलेले केसाळ, दोन पायांवर चालणारे राक्षस खेळात कुठेच येत नाहीत. आधी या गेमचे नाव ‘स्पेस मॉन्स्टर्स’ ठरले होते, त्याचा हा मागमूस असावा. पडद्यावर जेमतेम काही ठिपके आणि पेटीवर महायुद्ध, ही विभागणी पुढे रूढच झाली. उरलेले खेळणाऱ्याने मनात भरून घ्यायचे.

या गोष्टीला सुखान्त नाही. एक फळी संपली की दुसरी येते आणि सुरुवातीच्या काही फळ्या आधीच्यापेक्षा खालून चालायला लागतात. मराठीत ज्याला खिंड लढवणे म्हणतात, तेच हे. फरक इतकाच, की बाजीप्रभूंना विशाळगडावरच्या तोफांची वाट पाहायची होती. इथे कुठल्याच गडावरून इशारत होणार नाही. खेळ किती वेळ लांबवला, हेच यश. ते मोजायला पडद्याच्या माथ्यावर सर्वोच्च गुणसंख्या कायम झळकत असते. आधी येऊन हरलेल्या कुणा अनोळखी माणसाचा तो आकडा असतो आणि या गोष्टीतला एकमेव नायक म्हणजे तोच. गुणफलक मात्र चारच आकडी होता. दहा हजार गाठले की तो पुन्हा शून्यावर येई.

खेळाडूंनी या यंत्राचा तळ गाठायला वेळ लावला नाही. तबकडीचे गुण नशिबावर नसून झाडलेल्या गोळ्यांच्या संख्येवर ठरतात, हे कुणाच्या तरी ध्यानात आले. फळी सुरू झाल्यापासून तेविसाव्या गोळीने आणि मग दर पंधराव्या गोळीने तबकडी टिपली तर हमखास ३०० गुण. मग लोक ओठ हलवत गोळ्या मोजू लागले. दुसरी युक्ती जपानात नागोया शहराच्या नावाने ओळखली जाते. आक्रमकांना मुद्दाम अगदी तोफेच्या डोक्यावर येऊ द्यायचे. तिथे आल्यावर त्यांचा मारा तोफेला लागतच नाही, आणि मग त्यांना एका बाजूने कापत जायचे. मृत्यूच्या जबड्यातच सुरक्षित जागा असावी, हे कुठल्याही लेखकाने मुद्दाम रचलेले नव्हते.

पुढच्या गेमनी हा सांगाडा घेऊन त्यावर मांस चढवले. नामको कंपनीच्या गॅलेक्सियनमध्ये (१९७९) शत्रू रांग मोडून एकेकटे झेपावू लागले. गॅलागामध्ये (१९८१) शत्रू आपले यान किरणांच्या झोतात पकडून नेतो. ते सोडवले तर दोन याने जोडून लढता येते. पकडले जाणे, वाट पाहणे, सुटका, असा पूर्ण प्रसंग त्यात आहे. विल्यम्स कंपनीच्या डिफेंडरमध्ये (१९८१) जमिनीवरच्या दहा माणसांना वाचवायचे असते. ती सगळी गेली तर ग्रहच फुटतो. झेव्हियसचे (१९८३) रचनाकार मासानोबू एंदो यांनी तर खेळामागे अख्खी कथा लिहून ठेवली होती, जरी खेळणाऱ्याला तिचा बराचसा भाग दिसत नसे.

सर्वांत टोकाला गेला तो अटारीचा मिसाइल कमांड (१९८०). डेव्ह थ्यूरर यांच्या या गेममध्ये आकाशातून परग्रहवासी नव्हे, तर क्षेपणास्त्रे येतात आणि खाली सहा शहरे असतात. शीतयुद्धाचा काळ होता. कोणाची क्षेपणास्त्रे हे सांगायची गरज नव्हती. शेवटचे शहर गेले आणि नवे मिळायची आशा उरली नाही, की नेहमीचे ‘गेम ओव्हर’ येत नाही. मोठ्या स्फोटातून ‘द एंड’ ही दोनच शब्दांची पाटी उमटते. स्पेस इन्व्हेडर्सने जे सूचित ठेवले होते ते इथे उघड झाले. या प्रकारातला सर्वांत धाडसी शेवट प्रस्तुत लेखकाच्या मते हाच.

जपानात केवळ या गेमची यंत्रे मांडलेली ‘इन्व्हेडर हाउस’ नावाची दुकाने निघाली. १०० येनच्या नाण्यांचा देशभर तुटवडा पडला ही गोष्ट जगभर सांगितली जाते, पण तिला भक्कम पुरावा नाही. ब्रिटनमध्ये १९८१ साली खासदार जॉर्ज फोक्स यांनी असल्या गेमवर नियंत्रण आणणारे विधेयक संसदेत मांडले. ते ९४ विरुद्ध ११४ मतांनी पडले. १९८० मध्ये अटारीच्या घरगुती कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर, हा गेम आला आणि केवळ त्याच्यासाठी लोकांनी कन्सोल विकत घेतले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१३ मध्ये त्याला आपल्या संग्रहात घेतले.

महाराष्ट्रात या पिढीच्या खेळांशी बहुतेकांची गाठ पडली ती बरीच उशिरा, नव्वदच्या दशकात, टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली कन्सोलवर. उन्हाळ्याच्या सुटीत तो तासाच्या भाड्यानेही मिळे. गेम साठवलेल्या, कन्सोलमध्ये खोचायच्या कार्ट्रिजला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. तिच्यावर शेकडो, कधी हजारो गेमचा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात यादीत खाली खाली जावे तसे तेच ते मोजके गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा भेटत. गॅलेक्सियन त्यांत बहुधा असायचाच. सोबत रंगवलेली पेटी नाही, माहितीपुस्तिका नाही, गोष्ट सांगणारे कोणीच नाही. तरी कुणाला कोणाशी लढायचे आहे, हे एकाही मुलाला विचारावे लागले नाही.