दवाखान्यात न आलेल्यांचा अभ्यास

पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या डॉक्टरला ओपीडीत आयती माहिती मिळते. रुग्ण समोर असतो, केसपेपरही तयार असतो. पण प्राथमिक आरोग्यसेवा आणि रोगप्रतिबंध हा विषय घेतला, की हीच आयती माहिती फसवते. आजारी असूनही जे दवाखान्यात आलेच नाहीत, त्यांची नोंद तिथे नसते.

अमेरिकेतले डॉक्टर केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली याचा हिशेब मांडला. हजार प्रौढांपैकी महिनाभरात सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. डॉक्टरकडे जातात २५०, रुग्णालयात दाखल होतात ९, आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो फक्त १. आपलं बरंचसं संशोधन त्या एकावरच होत आलं आहे.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी उलट वाट धरली. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला निष्कर्ष आजही अस्वस्थ करतो: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.

आजार सापडल्यावर उपाय कामी येतो का, हे तपासणं त्याहून अवघड. एकाच गावातल्या निम्म्या बाळंतिणींना बाळाच्या देखभालीचा सल्ला दिला, तर तो दोन दिवसांत उरलेल्या घरांतही पोचणार. मग तुलना कशाशी करायची? म्हणून अख्खं गावच एकक धरतात. त्याची किंमतही मोजावी लागते. एका गावातल्या लोकांचं खाणं, पाणी, सवयी सारख्याच असतात, त्यामुळे केवळ माणसं वाढवून भागत नाही, गावं वाढवावी लागतात. नवजात बाळांच्या घरगुती देखभालीच्या प्रयोगात डॉ. अभय बंग यांच्या गटाने ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन बाळाला तपासत आणि जंतुसंसर्ग दिसला तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. सेवेच्या गावांत हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला.

या आकड्यांमागे प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची घरोघरची नोंद आहे. तिला कारकुनी समजू नये. माझ्या मते खरं विज्ञान तेच आहे, आणि प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला त्यासाठी पुरेसा वेळ द्यायलाच हवा.

२०११ मध्ये केंद्र सरकारने आशाताईंमार्फत घरभेटींची ही पद्धत देशभर नेली. आता प्रश्न पुढचे आहेत. रजिस्टरमध्ये नोंदलेल्या भेटीत बाळाचं वजन खरंच होतं का? उपकेंद्रातून रक्तदाबाच्या गोळ्या नेणारा माणूस काही महिन्यांनी यायचा का थांबतो? त्याचं उत्तर उपकेंद्रात बसून मिळत नाही, त्याच्या घरीच जावं लागतं.