न्याय्य संक्रमण

हवामान बदल रोखण्यासाठी कोळसा व तेल वापरातून काढताना त्यांवर पोट असलेल्या कामगारांवर आणि गावांवर सगळा भार पडू नये, अशा रीतीने आखलेला आर्थिक बदल. ही मागणी मूळची अमेरिकेतील कामगार चळवळीची. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तिच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली. त्याच वर्षीच्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकेतही तिचा उल्लेख आहे.

काम सुरू होते गणतीपासून, आणि बहुतेक योजना इथेच फसतात. खाणीच्या हजेरीपटावर कायम कामगार असतात. कंत्राटी मजूर, मालवाहू गाड्यांचे चालक, खानावळ चालवणाऱ्या बायका त्यात नसतात. स्थानिक पालिकेचा हिशेबही तेव्हाच मांडावा लागतो, कारण खाणीचा कर आटला की पाणीपुरवठा आणि शाळा अडचणीत येतात. मग वयानुसार गट पाडायचे : निवृत्तीला टेकलेल्यांना मुदतपूर्व निवृत्तिवेतन, तरुणांना प्रशिक्षण. पुढची नोकरी नक्की नसताना दिलेले प्रशिक्षण वाया जाते. सौर प्रकल्प उभारायला पुष्कळ माणसे लागतात, चालवायला मोजकीच. तेवढ्यावर विसंबून खाण बंद करणे हा कामगारांवर अन्याय आहे.

बंद खाणीतले पंप थांबले की पाणी भरते. गंधकयुक्त खनिजांमुळे ते आम्लधर्मी होऊन ओढ्यांत उतरते. हे पाणी शुद्ध करणे, खड्डे भरणे, माती सुधारणे ही कामे खाणकामगारांनाच देता येतात. त्यासाठीचा निधी मात्र खाण नफ्यात असतानाच वेगळा ठेवलेला हवा. दिवाळखोर कंपनीकडून तो वसूल होणे कठीण.

स्पेनमध्ये २०१८ साली सरकार, कामगार संघटना आणि खाणमालक यांच्यात २५ कोटी युरोंचा करार झाला, तो खाणी बंद होण्याआधी. जर्मनीने २०२० च्या कायद्याने कोळशासाठी २०३८ ही अंतिम मुदत ठरवून कोळसापट्ट्यांना ४० अब्ज युरोंपर्यंत मदत देऊ केली. दक्षिण आफ्रिकेत कोमाटी वीजकेंद्राचा शेवटचा संच ऑक्टोबर २०२२ मध्ये थांबला, तेव्हा पर्यायी रोजगार तयार नव्हते. त्या देशाला श्रीमंत राष्ट्रांनी २०२१ मध्ये ८.५ अब्ज डॉलर कबूल केले होते. त्यांतील बहुतेक रक्कम कर्जाच्या रूपात होती, अनुदान अगदी थोडे. हवेत कर्ब सर्वाधिक सोडणाऱ्यांनीच संक्रमणासाठी कर्ज द्यावे आणि व्याज घ्यावे, यावर विकसनशील देशांचा रास्त आक्षेप आहे.