अमरकंद कुळागरात का रुजत नाही?

जंगलातील औषधी वनस्पती कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, लावली की तिचा उपसा थांबेल आणि बागायतदारालाही चार पैसे मिळतील, असा सल्ला गोव्यात सहज दिला जातो. मिरी आणि जायफळ माडा-पोफळींच्या सावलीत उत्तम वाढतात, म्हणून तो पटतोही. अमरकंदाच्या बाबतीत मात्र तो बी पेरण्यापाशीच अडतो.

अमरकंद हे युलोफिया प्रजातीतील, जमिनीत वाढणारे ऑर्किड आहे. पावसाळा सरल्यावर त्याची पाने सुकतात आणि उन्हाळा ते कंदाच्या रूपाने जमिनीखाली काढते. औषधासाठी नेमका हा कंदच खणला जातो, म्हणजे झाडच जाते.

ऑर्किडच्या एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. पण प्रत्येक बी धुळीच्या कणाएवढे असते. नारळाच्या गर्भाला खोबऱ्याचा साठा मिळतो, तसा साठा, म्हणजे भ्रूणपोष, ऑर्किडच्या बीजात तयारच होत नाही. मग अंकुराला अन्न देते मातीतील सूक्ष्म बुरशी, बहुधा ऱ्हायझोक्टोनिया गटातील. तिचे तंतू भ्रूणाच्या पेशींत शिरून वेटोळी करतात, भ्रूण ती वेटोळी पचवतो आणि त्यांतील शर्करा व नत्रयुक्त द्रव्ये यांवर हिरवे पान फुटेपर्यंत जगतो. एरवी वनस्पती बुरशीला साखर पुरवते. येथे कर्बाचा प्रवाह उलटा, बुरशीकडून वनस्पतीकडे वाहतो. तंतूंना पेशीत येऊ द्यायचे, पण संपूर्ण भ्रूण व्यापू द्यायचा नाही, हा तोल ढळला तर भ्रूण कुजतो किंवा उपाशी मरतो. बुरशीची ही गरज फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये ओळखली. १९२२ मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार मिसळलेल्या अगार या जेलीसारख्या माध्यमावर बुरशीविना बिया रुजवून दाखवल्या. प्रयोगशाळेत आजही तसे करता येते. पण बाटलीतील रोप मातीत आल्यावर बुरशीशी त्याचे नाते जुळावे लागते.

कुळागरात नेमकी तेथेच अडचण आहे. पोफळीची फळे कुजवणाऱ्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातील बुरशीनाशक तांबे ठिबकून मातीत उतरते आणि साचत जाते. ज्या मातीतून आपण बुरशी हटवू पाहतो, तिच्यातच अमरकंदाला ती हवी असते.

ऑर्किडचे वाळलेले कंद ‘सालममिश्री’ म्हणून पौरुषवर्धक ठरवून विकले जातात. या समजाचे मूळ बऱ्याच अंशी कंदाच्या आकारात आहे. पाण्यात फुगून चिकट होणारे ग्लुकोमॅनन त्यात असते, हे खरे. पण कंदाचा आकार हा औषधी गुणाचा पुरावा नव्हे, आणि अशा समजापायी मुळासकट झाडे उपटली जाणे मला अक्षम्य वाटते.

लागवडीचा विचार करायचाच, तर आधी योग्य माती शोधावी. त्यासाठी बिया बारीक जाळीच्या नायलॉन पाकिटांत भरून जंगलातील जुन्या झाडांजवळ आणि कुळागरातही पुरून ठेवाव्यात, आणि काही महिन्यांनी उकरून पाहाव्यात. जेथे भ्रूण फुगलेले दिसतील तेथे योग्य बुरशी आहे, आणि त्याच भ्रूणांतून ती वेगळी काढून प्रयोगशाळेत वाढवताही येते.